सोमीचा वाघ आणि माझं दार

सोमे, तुझ्या दिवसकार्याला शाळेच्या पटांगणात माणसं जमली, आणि तुझ्याविषयी दोन शब्द बोलायला उभा कोण राहिला असेल? माडीवाल्या शेटचा पुतण्या. हल्ली तो शहापुरात असतो. डोक्यावर पांढरी टोपी असते, आणि सभा कुणाचीही असो, दोन शब्द त्याचेच असतात. तो म्हणाला, जुन्या काळी आपल्या भागात काही अनिष्ट चाली होत्या, सोमाबाईंनी त्या काळाला धीरानं तोंड दिलं. मग त्यानं माझ्या पुस्तकाचं नाव घेतलं, मुलांनी ते अवश्य वाचावं असं सांगितलं आणि माझ्याकडे बघून हसला. मी मान हलवली.

जुना काळ म्हणे. त्याच्या काकाच्या अंगणात आज सकाळीसुद्धा बायका शेणाच्या पाट्या उचलत असतील आणि त्यांचे नवरे बांधावर वाकलेले असतील. त्याच माडीवरचा भात खाऊन आलेला माणूस तुला इतिहासात जमा करून चहा पिऊन गेला. त्याचा राग आलाच. पण त्याच्याहून जास्त राग माझ्या त्या हललेल्या मानेचा आला. ती फार वर्षं अशीच हलते आहे.

तू असतीस तर उभी राहून त्याला म्हणाली असतीस, शेट, तुमचा काका मेला का? मंग जुना काळ कसा झाला? लोक हसले असते, तो ओशाळला असता, आणि मी तुला मागून खूण केली असती की पुरे आता. मी कायम तुला मागून खुणा करत आलो. आज तू नाहीस, तेव्हा मलाच बोलायला हवं. मला बोलण्याची सवय नाही. मुलांना गोष्टी सांगून पोट भरलं, पण स्वतःची एकही सांगितली नाही.

लग्नगडी म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. पण हे वाचणाऱ्यांत मुंबईपुण्याचे असतील, त्यांच्यासाठी सांगतो. ठाकराच्या पोराचं लग्न ठरतं आणि घरात दाणा नसतो. मग शेट धान्य देतो, लुगडं देतो, लग्न लावून देतो. दुसऱ्या दिवशी नवरा-नवरी त्याच्या दारात कामाला उभी राहतात, ती मरेपर्यंत. फेड कधी होत नाही, कारण ती व्हावी असं शेटच्या मनात कधी नसतंच. गडी पळाला तर त्याला धरून आणतात, आणि गावात कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. ह्याला आमच्याकडे कुणी गुलामी म्हणत नाही. लग्न म्हणतात.

तू आणि काळू असेच शेटच्या दारात उभे राहिलात, त्याच सुमाराला मी तिथे मास्तर म्हणून आलो. वैशाखऱ्याच्या अलीकडे, अगदी घाटाच्या पायथ्याला. शाळेला इमारत नव्हती. शेटच्या भाताच्या कोठाराला लांब पडवी होती, तिथे शाळा भरायची, आणि पडवीच्या टोकाला एक खोली होती, तिथे मी राहायचो. खोली शेटची, तांदूळ शेटचा, दिव्यातलं तेल शेटचं. मी सापगावच्या कुणब्याचा मुलगा, घरात पहिला शिकलेला. मध्ये काही वर्षं मी मनाची अशी समजूत घालत असे की मीही एक प्रकारचा गडीच होतो. हे सरळ खोटं आहे. मी ट्रंक उचलून कुठल्याही सकाळी मुरबाडची वाट धरू शकत होतो. कुणी मला धरून आणणार नव्हतं.

शनिवारी दुपारी मी मुलांना गोष्टी सांगायचो. मी रचलेली एक गोष्ट त्यांना फार आवडायची. पेशवाईत माणसं विकत मिळत. बाईला बटीक म्हणत. जुन्नरच्या सरदाराघरची मैना नावाची बटीक पळते, नाणेघाट उतरून खाली येते, आणि पायथ्याच्या गावात एका पंतोजींच्या दारावर थाप मारते. मागून सरदाराचे स्वार येत असतात. पंतोजी दार उघडतात, तिला आत घेतात, स्वारांच्या तोंडावर दार लावतात आणि आतून खणखणीत आवाजात सांगतात की हे विद्येचं घर आहे, इथे माणूस मोजून घेत नाहीत. ह्या वाक्याला मुलं टाळ्या वाजवायची. नाणेघाट समोर दिसायचा. पायथ्याचं गाव म्हणजे आपलंच गाव हे पोरांना लगेच कळायचं आणि त्यांची छाती फुगायची.

एका शनिवारी तू पडवीची कड सारवत होतीस. शेणात बुडलेला हात तसाच थांबला होता, हे मी पाहिलं होतं. गोष्ट संपल्यावर तू खाली मान घालून विचारलंस, "त्या पंतोजीला भ्या नाय वाटलं?"

मुलं खिदळली, सारवणारी बाई गोष्टीत बोलली म्हणून. मी त्यांना गप्प केलं आणि चष्मा पुसत म्हणालो की ज्याला शिकवायचं आहे त्याला भिऊन चालत नाही. हे वाक्य मला इतकं आवडलं की पुढे मी ते पुस्तकातही घातलं.

पुढच्या शनिवारी तू पडवीची तीच कड पुन्हा सारवलीस. त्याच्या पुढच्याही. शेटच्या मुकादमानं एकदा हटकलं, अगं, तिथं काय सोनं पुरलंय का? तू म्हणालीस, पोरं पाय पुसत नायत. गोष्ट मी मुलांसाठी सांगत होतो आणि ती खरी धरून बसणारं माणूस कडेला ओणवं बसलं होतं. तुझ्या हिशेबानं पायथ्याचं गाव हेच, विद्येचं घर हेच, आणि त्यात राहणारा मास्तर मी. त्यात चूक कुठे होती? मुलांना टाळ्या वाजवायला शिकवलं होतं. तुला मी दार दाखवलं होतं.

पेरणीआधी राब भाजायचे दिवस आले. सगळा गाव शेतावर होता, वावरावावरातून धूर निघत होता. भर दुपार. मी खोलीत जेवायला बसलो होतो. दारावर थाप पडली.

"मास्तर, मी सोमी. काळू हाय, पोर हाय. दार उघडा."

मी घास ताटात परत ठेवला आणि उठलो. दार नुसतं लोटलेलं होतं. मी दाराशी गेलो आणि अडसर घातला. लाकूड घासल्याचा आवाज झाला, तो तू ऐकला असशील. आणि मग, सोमे, मी आतून माझ्याच आवाजात म्हणालो, "मास्तर घरात नाहीत."

पोर जराशी कुरकुरली. मग तू म्हणालीस, "बरं. आले म्हंजे सांगा, सोमी आलेली."

शिवी दिली असतीस तर आज मला इतकं लिहावं लागलं नसतं. तू निरोप ठेवलास. जणू आत खरंच दुसरा कुणीतरी होता, आणि मास्तर आल्यावर तो त्यांना सांगणार होता.

तुम्हाला नदीच्या उतारावर धरलं. मुकादमानं काळूला अंगणातल्या खांबाला बांधलं. संध्याकाळी शेट परतला आणि त्यानं स्वतः चाबूक घेतला. दुसऱ्या दिवशी काळू अजून खांबालाच होता आणि मी शाळा भरवली. मुलांना पाढे म्हणायला लावले. मोठ्यानं म्हणा, म्हटलं. एरवी मी त्यांना मोठ्यानं म्हणू देत नसे. काळूचा पाय त्या दिवसापासून धड झाला नाही, जखम चिघळली, आणि आवणीच्या चिखलात उभा राहून राहून पाऊस संपायच्या आत तो गेला. त्याला न्यायला चार माणसं मोकळी सोडायलासुद्धा शेट कुरकुरला. लावणी खोळंबते म्हणाला. ह्या वाक्याचा माझा राग अजून ताजा आहे, पण त्या दिवशी तो कुठे होता? मी प्रेताच्या मागे चार पावलं चाललो आणि परत फिरलो, कारण शाळेची घंटा व्हायची होती.

गडी मेला तरी लग्न उभंच. शेटनं ठरवलं की तुला दुसऱ्या एका बिजवर गड्याला द्यायची. नवं लग्न, नवं लुगडं, म्हणजे पुन्हा नवी बांधणी. ते लग्न तू लागू दिलं नाहीस. पण तुझ्या सुटकेत माझा हात काडीइतका नाही हे इथे स्पष्ट लिहितो, कारण माझ्या पुस्तकाच्या नंतरच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत तसा भास होतो.

पुढचं सगळं मला तुझ्या तोंडून कळलं. वैशाखाची लगीनसराई. घाटाकडून एक वऱ्हाड टोकावड्याकडे चाललं होतं, कुणब्यांचं. बायकांनी एकमेकींना हळद फासलेली. एकीचंही तोंड ओळखू येत नव्हतं. तू करवंदीच्या जाळीतून पोर घेऊन बाहेर आलीस आणि त्यांच्या मागून चालू लागलीस. एका म्हातारीनं मागे वळून पाहिलं. तू ठाकर हे तिला तुझ्या लुगडं नेसण्यावरून कळलं असणार. तिनं काही विचारलं नाही. स्वतःच्या गालावरची हळद पुसून तुझ्या तोंडाला लावली, आपल्या डोक्यावरची शिदोरीची दुरडी तुझ्या डोक्यावर ठेवली, पोर स्वतःच्या काखेला मारली आणि म्हणाली, "चल गो. कोन इचारील तर बोल, करवलीची आत्या."

ही म्हातारी कोण, कुठली, मला ठाऊक नाही, तुलाही नव्हतं. तिनं माझी गोष्ट ऐकली नव्हती. विद्येचं घर तिनं जन्मात पाहिलं नसेल. तिला आपल्याकडची एवढी एकच रीत ठाऊक होती की वऱ्हाड अडवायचं नसतं. वाटेत भेटेल त्यानं बाजूला व्हायचं आणि पाणी द्यायचं. मुकादम बाजूला झाला. शाळेवरून वऱ्हाड जाताना मी मुलांना घेऊन पुढे आलो, माठ आणला, आणि एकेका बाईच्या ओंजळीत पाणी ओतत गेलो. त्यात तूही प्यालीस. माझ्या हातून. मी तुला ओळखलं नाही.

टोकावडे, मुरबाड, किन्हवली, आणि मग भातसा नदीच्या काठानं सापगाव. कामाला लागलीस ती गवत कापायला. त्यानंतर लढाई सुरू झाली, रेशन आलं, आणि माझी बदली माझ्याच गावच्या शाळेत झाली. एक दिवस तू शाळेच्या दारात उभी राहिलीस, हाताला परकरातली मुलगी. म्हणालीस, हिचं नाव ठकी, हिला नाव घाला. मी नाव घातलं. मग मान वर केली. तू म्हणालीस, "मास्तर, आज घरात हायेत वाटतं."

तू हसत होतीस. पुढे तू माझ्या घरी येशील तेव्हा दाराबाहेरून दर खेपेला तेच विचारायचीस, मास्तर हायेत का घरात? माझी बायको म्हणायची, काय बाई गमतीची आहे ही, रोज तेच. तिला मी कधी सांगितलं नाही. तूही सांगितलं नाहीस. तुला तो अधिकार होता आणि तू तो वापरला नाहीस, ह्याबद्दल मी तुझे उपकार मानतो आणि ह्याचाच मला रागही येतो. एकदा सांगून मोकळी झाली असतीस तर मीही सुटलो असतो. पण मला सोडवणं हे तुझं काम नव्हतं, एवढं तरी मला आता कळतं.

तोवर माझं पुस्तक निघालं होतं. तीच मैना, तोच घाट, तेच दार. वर छापलेलं होतं: मुलांसाठी ऐतिहासिक गोष्ट. अडसर घातलेला हातच दार उघडणाऱ्या पंतोजींची गोष्ट लिहीत होता, आणि त्याला लाज वाटली नाही. उलट लिहिताना माझे डोळे भरून यायचे. पुस्तक शाळाशाळांतून गेलं. लोकांनी शाबासकी दिली. ठकी वाचायला शिकली आणि तिनं ते घरी दिव्यापाशी तुला वाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तू आलीस. विळा कमरेलाच होता. विचारलंस, ऐतिहासिक म्हंजे काय? मी सांगितलं, पूर्वी घडलेलं, आता नसलेलं.

"मंग काळू कवा मेला? पेशव्याच्या टायमाला?"

मी म्हणालो, मुलांचं पुस्तक आहे, मुलांना झेपेल असं लिहावं लागतं. तू म्हणालीस, माझ्या पोरीला झेपलं ना, ती तर काखेत होती. मी म्हणालो, गोष्टीत आशा पाहिजे, दार उघडलंच नाही तर मुलं काय शिकणार? तू म्हणालीस, दार उघडायला शिकतील. ह्यावर मी चिडलो. खरोखर चिडलो, सोमे, तुझ्यावर. म्हणालो, तुझी गोष्ट तरी कुठे खरी असते? त्यात तो वाघ कुठून आला?

कारण तोपर्यंत तूही गोष्ट सांगायला लागली होतीस. शनिवारी मुलं तुझ्याकडे पळायची. तुझ्या गोष्टीत बाई पोर घेऊन पळते, एक दार तिच्यासाठी उघडत नाही, आणि पुढे आडवाटेवर वाघ बसलेला असतो. ती त्याला म्हणते, वाट सोड रे बाबा, माझ्या काखेला पोर हाय. आणि वाघ कान हलवून बाजूला होतो. पहिल्यांदा तो बिबट्या होता. मग पट्ट्यांचा झाला. डहाणूकडच्या वारल्यांनी वेठ नाकारल्याची बातमी आली त्या आठवड्यात तर वाघ दोन झाले. मी मुलांदेखत तुला म्हटलंही होतं, सोमे, पुढच्या शनिवारी सिंह आणशील. मुलं म्हणाली, आणा, आणा.

तर त्या दिवशी मी वाघ काढला आणि तू कमरेचा विळा काढून बाकावर ठेवलास, बसलीस आणि शांतपणे म्हणालीस, "माझा वाघ खोटा, तुमचं दार खोटं. पन माझ्या वाघानं कोनाचं वाईट नाय केलं, मास्तर."

पुस्तकी माणसाला हे एका वाक्यात सांगितल्याबद्दल तुला थोर म्हणायची मला इच्छा नाही. तसं म्हटलं तर तू मला फाडून खाशील. तू थोर नव्हतीस. हट्टी होतीस, तोंडाळ होतीस, शेजारणीशी पाण्यावरून भांडायचीस, आणि आपल्या गोष्टीला मुलं जास्त जमतात म्हणून माझ्यासमोर नाक वर करून चालायचीस. फक्त तू बरोबर होतीस.

तू एवढंच मागितलंस की पुस्तक पुन्हा छापाल तेव्हा दार बंद करा. मी हो म्हणालो. दुसरी आवृत्ती निघाली, दार उघडंच राहिलं. मी तुला म्हणालो, छापणाऱ्यानं ऐकलं नाही. मी त्याला विचारलंच नव्हतं. तिसरीही तशीच निघाली. देशाला स्वातंत्र्य मिळालं, शाळेवर झेंडा लागला, त्या दिवशी माझी गोष्ट मुलांकडून नाटक म्हणून करून घेतली, आणि ठकी मैना झाली. तू पहिल्या रांगेत बसली होतीस. दार उघडलं, टाळ्या झाल्या. तू टाळी वाजवली नाहीस. माझ्याकडे पाहिलंसही नाहीस. मुलांना खाऊ वाटलास आणि घरी गेलीस.

तरी तू माझ्यासाठी एक सबब शोधून ठेवली होतीस, आणि ती मला सर्वांत जास्त डाचते. एकदा, आपण नदीवर भेटलो असताना, तू होऊन म्हणालीस, मला ठाऊक हाय, त्या दिवशी तुमच्या घरात मुकादम बसला असंल. नायतर तुमी असं बोलला नसता. तो ऐकत असंल म्हनून बोललात. तू माझ्या गप्प बसण्याचा अर्थ होय असा घेतलास आणि पाण्याची कळशी उचललीस. त्यानंतर तुझ्या बोलण्यातली धार कमी झाली. मला माफ केल्यासारखं तू वागू लागलीस, आणि मी ती माफी खाल्ली, शेटचा तांदूळ खाल्ला तशीच.

मग विचारलंस, वऱ्हाडाला पाणी दिलंत तवा मला वळखलं असतं तर पाणी वतलं असतं का? मी म्हणालो, ओतलं असतं. तू कळशी घेऊन वाटेला लागलीस.

ह्या वेळी हिवतापानं तुला पाडलं तेव्हा मी आलो होतो. भात निसवायला, लोंब्या टाकायला लागलं होतं. तू गोधडीत कुडकुडत होतीस. डोळे न उघडता विचारलंस, छापलं का? मी म्हणालो, छापतायत. तू म्हणालीस, बरं. आपलं शेवटचं बोलणं हे असं झालं, आणि त्यातलं माझं वाक्य खोटं होतं. कुठे तरी एक वाक्य खरं बोलून मला तुला निरोप देता आला असता. मी तेही केलं नाही.

सोमे, मुकादम माझ्या घरात नव्हता.

कुणीच नव्हतं. मुकादम शेतावर होता. शेट त्या दिवशी कल्याणला गेला होता, सकाळी मीच त्याला गाडीत बसताना पाहिलं होतं. संध्याकाळपर्यंत तो यायचा नव्हता. माझ्यावर कुणाची नजर नव्हती, कुणाचा धाक नव्हता. तुम्हाला आत घेऊन मागच्या दारानं ओढ्यात उतरवलं असतं तर कोंबडीलासुद्धा कळलं नसतं. मी घाबरलो असं म्हणायला माझ्यासमोर कुणी घाबरवणारंच नव्हतं. मी दार लावलं कारण जेवत होतो, कारण ती माझी दुपार होती, कारण गोष्ट ही गोष्ट आणि तू म्हणजे सारवणारी. त्यापलीकडे खोदलं तरी मला काही सापडत नाही. तुझ्या दुःखामागे एखादं मोठं कारण असावं असं तुला वाटत होतं. नव्हतं.

हे मला आधी ठकीला सांगायचं होतं. तुझ्या गोष्टीत दार बंद असायचं, पण कुणाचं ते तू तिला कधीच सांगितलं नाहीस. मला कळतं, ते मी सांगावं म्हणून. दिवसकार्य झाल्यावर, तो टोपीवाला गेल्यावर, मी तुझ्या झोपडीवर गेलो. ती दारात बसून सुपात नाचणी निवडत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. कडेला सारवणारी बाई, थाप, अडसर, मी काय बोललो ते शब्द, कल्याणला गेलेला शेट, मोकळं गाव, पाढे. ती निवडत राहिली. मधेच तिचे हात थांबले, पण तिनं वर पाहिलं नाही. ही पोर माझ्याकडे ओनामा शिकली. लहान मुलांना आता तीच माझं पुस्तक वाचून दाखवते.

ती म्हणाली की ते पुस्तक ती आता वाचून दाखवणार नाही. मी म्हणालो, नकोच. ती म्हणाली, तुमी बोलला म्हनून नाय, मी बोलते म्हनून. मग म्हणाली, मैना एकटीच कशी पळते? माझा बा कुठं हाय त्यात?

मी म्हणालो, तो गोष्टीत घातला नाही. घातला असता तर त्याचं शेवटी काय झालं ते लिहावं लागलं असतं.

मग तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. तुझे डोळे नाहीत तिचे. कुणाचे आहेत ते मला ठाऊक असायला हवं होतं. म्हणाली, "दिसायला कसा होता? आय सांगाय लागली की तिला बोलता यायचं नाय, मंग मी इचारायचं सोडलं. तुमी तर रोज बघत होतात."

सोमे, मी तोंड उघडलं. उंच होता की बुटका? दात कसे होते, आवाज कसा होता, हसायचा का? रोज सकाळी तो माझ्या पडवीसमोरून नांगराला जायचा. मी डोळे मिटून ती सकाळ समोर आणली आणि मला दोन बैल दिसले. एक बांडा, डावं शिंग मोडलेला. एक तांबडा, चालताना मान खाली टाकणारा. त्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या. खुरांची धूळ दिसली. माणूस दिसला नाही. इतक्या सकाळी गेल्या आणि मी त्याच्याकडे एकदासुद्धा पाहिलं नव्हतं.

मी तिला तेवढंच सांगितलं. बैल आठवतात, म्हटलं. तो आठवत नाही.

मला वाटलं, ती आता सूप फेकून मारील. मारायला हवं होतं. ती उठली, नाचणी मडक्यात ओतली, आतून माझंच पुस्तक घेऊन आली आणि कोऱ्या पुठ्ठ्याच्या बाजूनं माझ्यापुढे ठेवलं.

"मंग बैलांपासनं लिवा," ठकी म्हणाली. "हाकनारा मागनं चालतो."